डोहात सोडलेला आवाज

परवा नातवानं मोबाइलवरची एक बातमी मला वाचून दाखवली. समुद्रातून जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा आवाज पाण्याखाली कोसन्‌कोस पोचतो म्हणे. त्यानं देवमासे बावरतात, एकमेकांना मारलेली हाक त्यांना ऐकू येत नाही, चारा कुठे आहे ते कळत नाही, आणि काही तर ठरलेली जागा सोडून निघून जातात. वाचून झाल्यावर तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. आजोबा थक्क होतील अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हटलं, यात नवीन काय आहे? हे मला द्विभाषिक राज्याच्या काळात एका भोईणबाईनं पूर्णेच्या डोहात मुंडकं दाबून शिकवलं आहे. नातू हसला. म्हातारा फेकतो, हे आमच्या घरातलं सर्वमान्य मत आहे. म्हणून आता हे लिहूनच ठेवतो.

आम्हा वऱ्हाडी लोकांचा समुद्राशी संबंध काय म्हणाल तर नाही. मी समुद्र पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, एका लग्नाच्या निमित्तानं, आणि पाहून "पाणी बरंच आहे" एवढंच बोललो. खाऱ्या पाण्याची नवलाई आम्हाला नव्हती. अकोल्याहून दर्यापूरकडे निघालं की पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा लागतो. तिथे विहीर कितीही हौसेनं खणा, पाणी खारटच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीन रुसते. त्यामुळे ज्याचं शेत नदीला लागून, त्याचे डोळे नदीच्या पाण्यावर. आणि नदीचं पाणी वर चढवायचं तर इंजिन हवं.

मी तेव्हा तेविशीत होतो आणि अकोल्याला इंजिनांच्या एका दुकानात फिटर होतो. फिटर हा शब्द फक्त शेठच्या तोंडी. खेड्यात मला सगळे मिस्तरी म्हणायचे. माझ्याहून दुप्पट वयाची माणसं "अहो मिस्तरी" करून हाक मारायची, खाट टाकून द्यायची, आधी मला चहा आणि मग जावयाला. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं? हे आधीच कबूल करतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या हवेचा आहे.

दर्यापूरच्या अलीकडे, पूर्णेच्या काठावर एक गाव होतं. तिथल्या एका शेतकऱ्यानं हिवाळ्याच्या तोंडावर इंजिन घेतलं. गावातलं ते पहिलं. या शेतकऱ्याला सगळे दादाजी म्हणत. माणूस सरळ, बोलायला मोकळा, मिरची आणि गहू करायच्या ध्यासानं पेटलेला. दर्यापूरपर्यंत इंजिन ट्रकनं आलं, तिथून बैलबंडीत. मी एकट्यानं बसवलेलं ते माझं पहिलं इंजिन. नदीच्या काठावर पाया भरला, बोल्ट आवळले, पाइप जोडले आणि चौथ्या दिवशी हँडल मारलं. गावानं फ्लायव्हीलला कुंकू लावलं होतं, ते पहिल्याच फेऱ्यात सगळ्यांच्या अंगावर उडालं. पाइपातून पाणी धो धो पडायला लागलं तेव्हा दादाजींच्या वडिलांनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि "गोड हाये" असा निकाल दिला. त्या गावात पाण्याला याहून मोठी पदवी नव्हती.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तीनच झाले. इंजिनाचा आवाज म्हणजे दिवसभर छाताडावर कोणी मुसळ चालवावं तसा. दादाजींच्या म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. वडिलांची दुपारची झोप गेली आणि ते ज्याच्या त्याच्यावर डाफरायला लागले. पण खरी अडचण होती शाळेची. शाळा म्हणजे काठावरच एक मोठी खोली आणि ओसरी. चार इयत्ता आणि एक मास्तर.

हे मास्तर माझ्याच वयाचे. अमरावतीला शिक्षण घेऊन नुकतेच नेमणुकीवर आलेले. घरच्यांनी एक-दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली होती, आणि घराण्यातली पहिली सरकारी नोकरी त्यांची. त्यामुळे ते शाळा चालवायचे ती अगदी डोळ्यांत तेल घालून. पांढरा सदरा, पायजमा, खिशाला पेन, आणि खिशात नेहमी दोन-चार कोरी पोस्टकार्डं. गावातल्या निम्म्या घरांची पत्रं तेच लिहायचे. माघात शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. ते माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, "मिस्तरी, मी फळ्यावर लिहितो ते पोरायले दिसते. पण बोलतो ते तुमचं इंजिन खाऊन टाकते."

मला राग आला, पण माणूस खरं बोलत होता. मी ओसरीवर मागे जाऊन बसलो आणि पाहिलं. मास्तरांचे ओठ हलत होते, मुलांचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होतं ते फक्त धुक धुक धुक.

दादाजींचे वडील गुडगुडी ओढायचे. त्या संध्याकाळी ते अंगणात बसून ओढत होते आणि मी समोर डोकं धरून बसलो होतो. धूर पाण्यातून येतो आणि नुसतं गुडगुड वाजतं, हे मी जन्मभर पाहिलं होतं, पण तेव्हा ते डोक्यात शिरलं. दुसऱ्याच दिवशी मी दर्यापूरहून पाइप आणला. इंजिनाच्या धुराड्याला तो जोडला, काठाच्या उतारावरून खाली नेला आणि त्याचं तोंड डोहाच्या पाण्यात हातभर बुडवलं. इंजिन बंद झाल्यावर पाणी उलटं वर चढून आत शिरू नये म्हणून वरच्या अंगाला हवेसाठी एक चावी, म्हणजे तोटी, बसवली; बंद करण्याआधी ती उघडायची. ही चावीची अक्कल कुणी शिकवली नव्हती, माझी मला सुचली होती. आजही तिचा मला थोडा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

हँडल मारलं. काठावर आवाज जवळजवळ नाही. डोहात बुडबुडे, आणि वरचेवर गुडगुड. मुलं ओसरीवरून पळत येऊन बुडबुडे पाहायला लागली. म्हैस त्या संध्याकाळी चरवी भरून दूध देती झाली. मास्तरांनी माझा हात हातात घेतला. दादाजींनी मला टोपी आणि नारळ दिला. अकोल्याला शेठनं गिऱ्हाइकांपुढे माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, आता नदीकाठच्या हरेक इंजिनाला असंच बसवायचं. दोघा शेतकऱ्यांशी बोलणीही झाली. गावानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि मी मजेत घाटे खात बसलो होतो.

तीन आठवड्यांनी मास्तरांचं कार्ड आलं. शाळा उत्तम चालली आहे. पण डोहावरच्या भोईणबाई रोज येऊन भांडतात, मासे गेले म्हणतात. एकदा येऊन जावे. मी कार्ड वाचून हसलो. माशाला कान असतात का? असते तर दिसले नसते का? शेठनाही हसू आलं. मी हसत हसतच मोटारीत बसलो.

या बाई पंचेचाळिशीच्या. नवरा गेलेला. डोहाच्या वरच्या अंगाला त्यांची कुडाची झोपडी होती आणि त्या डोहात जाळं टाकायचा हक्क त्यांच्या सासऱ्यापासून चालत आलेला. पावसाळ्यानंतर पूर्णेची धार बारीक होत जाते आणि मासे खोल डोहात गोळा होतात. दिवाळी ते अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हाच त्यांचा हंगाम. त्या वर्षी मुलगा आणि सून आधीच धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेले होते, कारण मागचा हंगाम बेताचा गेला होता. घरात बाई आणि सात-आठ वर्षांची नात. ही नात म्हणजे मास्तरांच्या शाळेचा मोठा विजय. झोपडीपुढे चार वेळा बसून, बाईंशी वाद घालून त्यांनी तिला शाळेत आणलं होतं. नदीवरच्या वस्तीतून शाळेत आलेली ती पहिली मुलगी.

बाई काठावर माझी वाटच पाहत होत्या. शिव्या देतील असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, वीस दिवस जाळं कोरडं येऊन राहिलं. मासे वरच्या उथळात पळाले आहेत आणि तिथे बगळ्यांची दिवाळी चालली आहे. असंच राहिलं तर होळी झाली की मी नातीला घेऊन धामणगावचा रस्ता धरणार. मग ही झोपडी मोडली, डोह गेला आणि पोरीची शाळाही गेली.

शाळेचं नाव निघताच मास्तरांचा चेहरा उतरला. मी मात्र मिस्तरी. मी सांगितलं की आवाज तर मी कमी केला आहे, साऱ्या गावाला विचारा. बुडबुड्यांना काय कोणी भितं का? आणि माशाला कानच नाहीत तर तो ऐकणार कशानं?

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पोहता येते?" त्यांनी विचारलं. येतं म्हटलं. "मंग उतरा."

पौषातली सकाळ. पाणी असं की बोट घातलं तर शहारा येईल. मी म्हटलं, कशाला उगाच. पण तोवर काठावर निम्मं गाव जमलं होतं, आणि मिस्तरी पाण्याला भ्याला ही गोष्ट दर्यापूरच्या बाजारात माझ्याआधी पोचली असती. सदरा काढला आणि उतरलो. बाई लुगडं खोचून कमरेइतक्या पाण्यात आल्या. हातात एक लांब काठी, तिच्या टोकाला चिंध्यांची घट्ट गुंडी.

ती काठी कशाची ते आधी सांगायला हवं. डोहावर एक उंबर वाकलेलं होतं. त्याला वर्षातून कैकदा फळ धरायचं. पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की जो आवाज होतो तो डोहातल्या रोहूंच्या ओळखीचा. ते आवाजावर येतात. रोहूंच्या पिल्लांवर मरळ येते. भोई लोक फळ पडायची वाट पाहत बसत नाहीत. काठीची गुंडी पाण्यावर अशी टिपतात की उंबरच पडलं असं वाटावं, आणि मासा जाळ्याच्या अंगाला येतो. बाईंच्या सासूनं असंच टिपलं, बाईंनी असंच टिपलं. पण वीस दिवस झाले, त्या टिपून टिपून थकल्या आणि एक शेपटी हलली नाही.

"आता मुंडकं खाली घाला," बाई म्हणाल्या. "मी वरून टिपीन. किती डाव टिपलं ते मोजा."

मी अर्धवट वाकलो. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि सरळ खाली दाबलं.

त्या क्षणाचं काय सांगू. वरती जे गुडगुड वाजत होतं ते खाली गुडगुड नव्हतंच. दर ठोका दातांत वाजत होता, छातीत वाजत होता, कपाळाच्या आत वाजत होता. आटाचक्कीत पोत्यासारखं कोंडून घातलं तर जसं होईल तसं. आणि सगळ्यात वाईट हे, की तो कुठून येतो तेच समजत नव्हतं. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. सगळं पाणीच इंजिन झालं होतं. मी धडपडत वर आलो.

"किती?" बाईंनी विचारलं.

मी अंदाजानं दोन म्हटलं. काठावर खसखस पिकली. बाईंनी नऊ वेळा टिपलं होतं.

"आवाज कोन्या अंगानं येते?"

"समजत नाही," मी म्हटलं.

"त्यायलेबी नाही समजत. म्हून पळाले."

मग त्यांनी दादाजींना इंजिन बंद करायला सांगितलं आणि मला पुन्हा खाली घातलं. आता पाणी कसं होतं? निवांत. आधी माझ्याच कानांचा गुंजारव, मग दूर कुठे खडे सरकल्याचा कचकच आवाज, आणि मग वरून टप्... टप्... टप्... एकेक ठोका अगदी वेगळा, जवळचा. कुठे पडला ते मी डोळे मिटून बोटानं दाखवलं असतं. सात मोजले. वर येऊन सात म्हटलं तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

मी थंडीनं कुडकुडत होतो, पण कुडकुडण्यापेक्षा मला लाज जास्त वाटत होती. बाई काठावर बसून लुगडं पिळत होत्या. त्या जे बोलल्या ते मी आजवर विसरलेलो नाही.

"मिस्तरी, मिरचीले पानी लागते, मले समजते. पोरायले शांतता लागते, तेबी समजते. पन तुमी आवाज कमी नाही केला. आपल्या आंगनातला कचरा झाडून माह्या घरात लोटला, आन म्हनता साफ झालं."

दादाजी खाली पाहत होते. म्हशीनं पान्हा चोरला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एका तोंडानं इंजिनाला दोष दिला होता, वडिलांच्या झोपेसाठीही दिला होता. माशांचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता, कारण पाण्याच्या खाली काही ऐकलं जातं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आवाज आपल्याला आला नाही म्हणजे तो गेला, अशी आमची समजूत.

आता उपाय काय? बैठक बसली शाळेच्या ओसरीवर. मी सांगितलं की धुराडं पाण्यातून काढून जमिनीत खड्डा करून त्यात सोडता येईल. काठापासून दूर खड्डा खणायचा, आतून विटा लावायच्या, नदीतले गोटे भरायचे, वर फरशी टाकायची आणि धूर निघायला दोन भोकं. आवाज बराच दबेल. पण खरं तेही सांगितलं: पाण्यातल्याइतका दबणार नाही. शाळेला धुकधुक ऐकू येणार.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. डिप्टीसाहेब तीन आठवड्यांवर आले होते. मास्तर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. त्यांची अडचण मला समजत होती. तपासणीत शाळा वाईट दिसली तर ठपका इंजिनावर येणार नव्हता, त्यांच्यावर येणार होता. आणि त्यांच्यासारख्याच्या चुका मोजायला लोक तेव्हा टपलेलेच असत. शेवटी ते उठले.

"खड्डा खना," ते म्हणाले. "आमाले तोंड हाये, आमी मोठ्यानं बोलू. त्यायले कुठी बोलता येते?"

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण समवयस्क होतो आणि अक्कल कमी होती.

खड्डा दोन दिवसांत झाला. दादाजींचे गडी खणत होते, बाई टोपलीनं गोटे आणत होत्या, आणि रविवारी मास्तरांनी सदरा काढून कुदळ घेतली. विटा बसवताना मी एकेक बोटानं दाबून पाहत होतो. डोहातला पाइप काढला तेव्हा त्याचं तोंड काजळीनं काळं झालं होतं. बाई म्हणाल्या, हे पान्यात होतं, आन आमी हेच पानी पेत होतो. मी पाइप उचलून खड्ड्याला जोडला. हँडल मारलं. जमिनीखालून धुब धुब असा आवाज यायला लागला. कानाला टोचत नव्हता, पण होता. ओसरीवरून मुलांनी सातचा पाढा सुरू केला तो इतक्या मोठ्यानं की दादाजींच्या वडिलांनी घरातून विचारलं, कुठी आग लागली का. त्या शाळेतली मुलं पुढे जन्मभर मोठ्यानं बोलत राहिली, असं मी ऐकून आहे.

अकोल्याला शेठ माझ्यावर असे भडकले की विचारू नका. ज्या दोघांशी बोलणी झाली होती त्यांना मी सांगून टाकलं की पाण्यातला पाइप मी बसवणार नाही, खड्डा करायचा असेल तर करून देतो. शेठ म्हणाले, तू मिस्तरी आहेस की माशांचा वकील? मी म्हटलं, आधी एकदा डोहात मुंडकं घालून या, मग बोलू. त्यांनी घातलं नाही. मला कामावरून काढलंही नाही, कारण त्या महिन्यात दुसरा फिटर आजारी होता. पुढे तर माझी रीतच पडली: नदीकाठी इंजिन बसवलं की सुरू करून आधी आपण पाण्यात उतरायचं. लोक म्हणायचे, अकोल्याच्या मिस्तरीले आंघोयीची लई हौस.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मला एकच घोर होता: मासे परतले का? निघताना बाईंना विचारलं होतं, आता येतील ना? त्या म्हणाल्या, ते तुमच्यासारखे नोकरदार नाही मिस्तरी, का कागद धाडला आन आले. एकदा घर सुटलं की भरवसा यायले वेळ लागते. आणि होळीची मुदत त्यांनी मागे घेतली नव्हती.

माघ गेला. मास्तरांचं एक कार्ड आलं: तपासणी झाली, डिप्टीसाहेब म्हणाले की मुलांचा आवाज खणखणीत आहे; डोहात अजून काही नाही. त्यानंतर कार्ड नाही. मी दुकानात स्पॅनर हातात घेऊन भलतीकडेच पाहत उभा राहायचो. एवढ्या लांबच्या एका बाईच्या जाळ्याची काळजी आपण का करतो, हे मला कुणाला सांगता आलं नसतं. पण सरळ सांगायचं तर मला भीती वाटत होती. आपल्या हातानं एक घर उठलं, ही गोष्ट घेऊन जगावं लागेल याची भीती.

होळीला दोन दिवस होते तेव्हा इंजिनाचं तेल बदलायचं निमित्त काढून गेलो. दर्यापूरहून पायी, हातात जेवणाचा डबा. आधी झोपडीकडेच वळलो. ताटी दोरीनं बांधलेली. फटीतून पाहिलं: चूल थंड, खुंटीवर जाळं नाही, आणि भांडं म्हणून एकही नाही. ना घागर, ना हंडा, ना तवा. गेली बाई. दोन दिवस आधीच गेली. मी तिथेच बाहेर दगडावर बसलो.

मास्तरांना तोंड दाखवायला हवं म्हणून शाळेकडे गेलो. ओसरीवर पाट्या पडलेल्या, माणूस नाही. खोलीत मास्तर नाहीत. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की इंजिनही बंद आहे. भर पाण्याच्या दिवसात, दहा वाजता, दादाजींचं इंजिन बंद? मग नदीच्या वळणापलीकडून माणसांचा गलका ऐकू आला आणि मी पळत सुटलो.

अख्खं गाव डोहात होतं. जाळ्याच्या एका दोरीला दादाजी आणि त्यांचे गडी, दुसऱ्या दोरीला मास्तर, पायजमा मांड्यांपर्यंत खोचलेला, पेन कानावर. शाळेची सगळी मुलं चिखलात. आणि मधोमध कमरेइतक्या पाण्यात बाई, सगळ्यांवर ओरडत. जाळ्याच्या आत पाणी उकळल्यासारखं दिसत होतं.

मी काठावर उभा राहून म्हटलं, "बाई, झोपडीत एक भांडं नाही. मी समजलो तुमी गेल्या."

"भांड्यायत मरळ हाये," त्या वळूनही न पाहता म्हणाल्या. "घागर भरली, हंडा भरला. सकायपासून चूल नाही पेटली. तुमचा डबा द्या इकडे."

आमच्या घरी दोन पिढ्यांची तुळशीची माळ, मासळी वर्ज्य. त्या डब्यात आईनं दिलेल्या पोळ्या आणि मेथीची भाजी होती. मी ती तिथल्या तिथे नातीच्या हातावर ठेवली, डबा विसळला आणि पुढे केला. बाईंनी त्यात पाणी घेऊन एक वीतभर मरळ कोंबली, झाकण दाबलं आणि घट्ट धरा म्हणाल्या. मी धरला. आतून ती अशा धडका देत होती की माझे दोन्ही हात हलत होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही मी थांबवलं नाही.

बाईंनी मास्तरांना हाक मारली आणि धामणगावला मुलाला-सुनेला कार्ड लिहायला सांगितलं. मास्तरांनी खिशातून कार्ड काढलं, कानावरचं पेन काढलं आणि नातीपुढे धरलं. म्हणाले, मी कायले, हे पोरगीच लिहील. पोरीनं मेथीचे हात फ्रॉकला पुसले, खडकावर पालथी पडली आणि लिहायला लागली. कार्ड ओलं झालं, शाई पसरली. लिहून झाल्यावर तिनं ते शाळेच्या सवयीप्रमाणे इतक्या मोठ्यानं वाचून दाखवलं की पलीकडच्या काठावरच्या गुराख्यानं मान वर केली.

"आई बाबा, परत या. येताना भांडी आणा. इथली पुरत नाहीत."